थंडोबाचा वाटा

थंडोबा आकाशातून पडले तेव्हा मी आठवीच्या गणिताच्या पेपरला बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला आनंदच झाला. पेपर रद्द झाला ना. बाईंनी सगळ्यांना घरी पाठवलं, आणि मी उड्या मारत बंदरावर गेले तर अख्खा गाव तिथं मान वर करून उभा होता. काळ्या काचेचे, नारळाएवढे गोळे समुद्रात पडत होते. आवाज नाही, जाळ नाही. पडायचे आणि बुडायचे.

बातम्यांत त्यांना 'आगंतुक' म्हणायचे. आमच्या खारवण गावात असला शब्द कोण वापरणार? पहिल्याच आठवड्यात समुद्राचं पाणी विहिरीच्या तळासारखं गार पडलं, आणि बायका पाय बुडवून मागं सरत म्हणाल्या, हा तर थंडोबा आला. तेच नाव पडलं.

ते जगभरातल्या उबदार समुद्रांतच पडले होते, थंड समुद्रांकडे एकही फिरकला नाही. कारण माझ्या हेमाआत्यानं सांगितलं. ती समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ आहे. संस्थेची इमारत किनाऱ्यावर म्हणून रिकामी केली, तेव्हा ती दोन पेट्या उपकरणं घेऊन आमच्याकडे राहायला आली होती.

"त्यांना आपली जमीन नको, सोनं नको, आपण तर नकोच नको," आत्या म्हणाली. "त्यांना ऊब हवी. आपण डब्यातून लाडू काढतो तशी ते पाण्यातली ऊब काढून घेतात आणि अंगात साठवतात. तेवढंच त्यांचं खाणं."

"मग बॉम्ब टाका की त्यांच्यावर," मी म्हटलं.

"टाकले. बॉम्ब म्हणजे काय, उर्वी? ऊबच. भुकेल्याला लाडू फेकून मारावेत तसं झालं ते. नारळाएवढे होते, म्हशीएवढे झाले."

ही गोष्ट मोठमोठ्या देशांना कळायला महिना लागला. तोवर समुद्र आणखी गार झाला, बांगडा गेला, तारली गेली, आणि आमच्या खाडीच्या तोंडाशी थंडोबांची रांग बसली. शेवटी सरकारचा हुकूम आला, किनाऱ्यावरची सगळी गावं रिकामी करा. आम्हाला आंब्याच्या मोसमाआधी निघायचं होतं. आईनं भांडी बांधायला काढली आणि बाबा दिवसभर होडीकडे बघत बसायला लागले.

*

मला बाबांनी होडीतली वल्ही आणायला पाठवलं होतं. होडी खाडीच्या आतल्या बाजूला खारफुटीशी बांधलेली. पाण्यात जाऊ नकोस असं आईनं बजावलं होतं, आणि मी गेलेही नाही. पाय घसरला, त्याला मी काय करू.

पाण्यात पडले आणि श्वासच बंद झाला. मी चालायला लागल्यापासून पोहते, पण असल्या गार पाण्यात हातपाय आपले राहत नाहीत. पोटरीत गोळा आला, खाली जायला लागले. तोंडातून आवाज निघेना. मग माझ्या पाठीला खालून काहीतरी लागलं. दोन हात. लहान होते, पण त्यांनी मला ढकललं, पुन्हा ढकललं, आणि मी चिखलात तोंड घालून पडले.

खोकून झालं तेव्हा मागं वळून बघितलं. पाण्यात एक पोरगं होतं, आणि ते पाण्याचंच होतं. म्हणजे आरपार दिसत होतं त्याच्यातून. पलीकडचं शेवाळ, त्या शेवाळातून पोहत जाणारा एक मुडदुसा मासा, सगळं. केस झुळझुळत होते, डोळे मोठे, आणि बोटांच्या मध्ये पातळ पडदे. ते थरथर कापत होतं.

आमच्याकडे कुठल्याही पोराला विचारा, ते सांगेल हा कोण. गिऱ्हो. खाडीतलं भूत. माणसाला पाण्यात ओढतो, जाळी गुंतवतो, होड्या फिरवतो. माझ्या आईनं मला जेवायला लावलं ते गिऱ्ह्याच्या भीतीवर. मला विचाराल तर त्या बिचाऱ्याची फार बदनामी झालेली आहे. तोच गिऱ्हो मला पाण्याबाहेर काढून, आता ही ओरडणार की काय अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होता.

मी ओरडले नाही. म्हटलं, "थँक्यू." दात वाजत असल्यामुळे ते त्याला किती कळलं देव जाणे. त्यानं माझ्यासारखेच दात वाजवून दाखवले. मला हसू आलं, तर तोही हसला.

त्याचं नाव मी बुळक्या ठेवलं, कारण हात धरायला गेलं की तो सटकन निसटायचा.

*

घरी आईला सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती आणि खाडीकडची वाट बंद केली असती. म्हणून मी आत्याला सांगितलं. आत्या खदाखदा हसली. मग मी तिला ओढत खारफुटीपाशी नेलं, बुळक्यानं डोकं वर काढलं, आणि ती तिथंच चिखलात बसली. नवी साडी होती तिची.

घरी आल्यावर तिनं पेटीतून काचेची एक कांडी काढली आणि आईच्या गोडेतेलाच्या बरणीत बुडवली. कांडी नाहीशी झाली. बाहेर काढली की दिसायची, तेलात घातली की गायब.

"कांडी आहे ना आत?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग दिसत का नाही? एखादी पारदर्शक वस्तू आपल्याला दिसते ती तिच्या कडांवर उजेड वाकतो म्हणून. ही काच उजेडाला जेवढं वाकवते, तेवढंच हे तेल वाकवतं. कड उरतच नाही. त्याला अपवर्तनांक जुळणं म्हणतात. आता गंमत बघ." तिनं बरणी फ्रीजमध्ये ठेवली, आणि दुपारी काढली तेव्हा कांडी तेलात अंधूक, पण दिसत होती. "तेल गार झालं, त्याचा अंक थोडा बदलला, जुळणी मोडली. तुझा मित्र तसाच आहे. उबदार खाडीच्या पाण्याशी त्याचं अंग तंतोतंत जुळलेलं. म्हणून तो कधी कुणाला दिसला नाही. पाणी गार पडलं आणि उघडा पडला."

"म्हणजे गिऱ्हे खरेच होते? सगळे?"

"होते असं दिसतंय. आणि आपण शाळा शिकलेले लोक त्यांना हसत होतो." ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली, मग माझ्याकडे वळली. "पण उर्वी, ते उबेतले जीव आहेत. बाकीचे खोल समुद्रातून दक्षिणेकडे निघून गेले असतील. हा लहान, मागं राहिला. खाडीच्या तोंडाशी थंडोबांची रांग आहे, तिथलं पाणी बर्फासारखं. ते ओलांडायला गेला तर मरेल. आणि इथं राहिला तरी, खाडी रोज गार होतेय."

त्या दिवसापासून मी आत्याबरोबर रोज तापमापक घेऊन खाडीवर जायचे. पारा रोज थोडा खाली असायचा आणि बुळक्या रोज थोडा मंद. आधी तो माझ्याभोवती गिरक्या घ्यायचा. मग नुसता खारफुटीच्या मुळांना धरून बसायला लागला. मी पाण्यात हात घातला की तो माझ्या मनगटाला दोन्ही हातांनी धरून ठेवायचा. ऊब मिळायची ना. माझे हात बधिर व्हायचे, पण मी काढायचे नाही. माझा जीव त्यानं वाचवला होता. तो माझ्या डोळ्यांसमोर गारठून जाणार आणि मी भांडी बांधून गाव सोडणार, हे मला अजिबात मान्य नव्हतं.

*

गाव सोडायच्या आधी सोनूआजोनं शेवटची रापण लावायची ठरवली.

सोनूआजो म्हणजे आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून एक लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडतात. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि गावातली लहानथोर माणसं दोन रांगांत उभी राहून ते दोर ओढतात. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे घालतात. ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा. मग तो गावचा असो, वाटसरू असो, आमची शाळा तपासायला आलेले साहेब असोत. एकदा त्या साहेबांना धोतरभर तारली घेऊन जावं लागलं होतं.

सकाळी दहाच्या उन्हात आम्ही दोर धरले. बाबा माझ्या पुढं, आत्या मागं, ती सुद्धा पदर खोचून. "हय्या" म्हणत ओढत होतो. दोर तळहातांना भाजत होता, एवढा घासला जात होता. आणि अचानक पुढच्या रांगेतली माणसं ओढायची थांबली.

दोर जिथं पाण्यात शिरतो तिथं एक थंडोबा वर आला होता. म्हशीएवढा, काळा, चकचकीत, आणि अंगातून निघालेल्या सोंडांसारख्या हातांनी त्यानं आमचा दोर धरला होता. आत्या माझ्या कानात म्हणाली, "दोर गरम झालाय घर्षणानं. ती ऊब घ्यायला आलाय." कुणी हललं नाही. थंडोबा दोराची ऊब शोषत शोषत आमच्याकडे वर सरकत होता, आणि तो सरकत होता म्हणून दोरही वर येत होता.

सोनूआजोच्या डोळ्यांत मोतीबिंदू. शस्त्रक्रियेला चला म्हटलं की म्हणतो, माका दिसता तेवढा पुरे. त्याला एवढंच दिसलं की आपली माणसं थांबलीत आणि पुढचा एक काळा गडी ओढतोय.

"थांबलात कित्याक?" तो गरजला. "तो एकटो ओढता आणि तुमी बगीत रवलास? लाज नाय वाटणा?"

आता तांडेल ओरडला की हात आपोआप चालतात. आम्ही ओढायला लागलो. गंमत म्हणजे थंडोबाच्या जोरानं जाळं भराभर आलं. गारठलेली मासळी किनाऱ्याला चिकटून होती, ती सगळी जाळ्यात. महिन्यात एवढी रापण मिळाली नव्हती.

मग वाटे. वाळूवर सारखे ढीग घालतात आणि सोनूआजो त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा माणूस एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, हा कोणाचा? आजो न बघता नाव घेतो. न बघता घेतो म्हणून कुणाची तक्रार नाही. पहिलं नाव मात्र कायम ठरलेलं.

"ह्यो कोणाचो?" बाबांनी विचारलं.

"दर्याचो," आजो म्हणाला, आणि तो ढीग बाबांनी परत पाण्यात सोडला. आमच्याकडे पहिला वाटा दर्याचा. तो दर्याला परत जातो.

मग पुढचे ढीग. मांजरेकरांचा, आमचा, पोस्टमनचा. थंडोबा वाळूवर तसाच बसलेला. त्याच्या भोवतीची वाळू पांढरी पडत होती.

"ह्यो कोणाचो?"

"पावण्याचो," आजो म्हणाला.

बाबा गडबडले. "आजो, तो आपलो माणूस न्हय. तो थंडोबा."

"हात लावल्यान मा दोराक?"

"लावल्यान."

"मगे दोर ओढणाऱ्याक खयचो म्हणून इचारूचा नसता. घाल वाटो."

दोर ओढणाऱ्याला कुठला म्हणून विचारत नाहीत, आणि आमच्या गावात तांडेलाचा शब्द मोडायची पद्धतही नाही. बाबांनी मासळीची पाटी उचलली आणि थंडोबासमोर ओतली. जगभरच्या सैन्यांनी ज्याला मारायला जंग जंग पछाडलं, त्याला आमच्या बाबांनी दोन किलो पेडवे वाढले. ही चूक फक्त खारवणातच होऊ शकते.

थंडोबा काही वेळ हललाच नाही. आम्ही एकेक जण आपापला ढीग उचलत होतो. कुणी दुसऱ्याच्या ढिगाकडे बघतही नव्हतं. आणि त्यानं हे सगळं पाहिलं, असं मला वाटतं. शेवटी त्यानं एक सोंड पुढं केली आणि आपल्यासमोरच्या पेडव्यांवर ठेवली. ते कडाक् गोठले. तेवढेच. शेजारी उन्हात तापलेली वाळू होती, आम्ही होतो, त्याची ऊब त्यानं घेतली नाही. आपला गोठलेला वाटा उचलून तो समुद्रात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं खाडीत तापमापक घातलं आणि माझ्याकडे बघितलं. पारा उतरला नव्हता.

*

"त्यांना कुणी कधी दिलंच नसणार," आत्या म्हणाली. आम्ही खारफुटीपाशी बसलो होतो, बुळक्या माझ्या मनगटाला धरून. "जिथं गेले तिथं घेतलं, नाहीतर मार खाल्ला. वाटा ही गोष्ट त्यानं काल पहिल्यांदा बघितली. आपला किती आणि दुसऱ्याचा किती, ते."

"पण पेडव्यात ऊब ती केवढी? उद्या परत समुद्रातली घेणार."

"बरोबर. वाटा द्यायचा तर त्याला पुरेल असा द्यायला हवा."

मला उत्तर तिथंच सुचलं, कारण माझ्या तळपायांना फोड आले होते. आदल्या दिवशी मी सड्यावरून अनवाणी आले होते. सडा म्हणजे आमच्या गावामागचं काळ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात त्यावर भाकरी भाजून निघेल. तिथं शेत नाही, घर नाही, गुरंही दुपारची जात नाहीत. एवढी ऊब, आणि ती कुणालाच नको.

मी ते बोलून दाखवलं तशी आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मग तिचा चेहरा उतरला.

"उर्वी, एक सांगते. थंडोबा सड्यावर गेले तर पाणी पुन्हा तापेल."

"तापू दे की. तेच तर हवंय."

"तापलं की हा दिसणार नाही."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कांडी आणि तेल माझ्यासमोर केलं होतं तिनं, तरी आलं नव्हतं.

"दुसरा एक मार्ग आहे," आत्या हळूच म्हणाली. "माझ्या संस्थेत टाकी आहे. ना गार ना गरम असं पाणी ठेवता येईल. तो जगेल आणि थोडा दिसेलही. तू येऊन भेटू शकशील. आणि उर्वी, अख्ख्या जगाला कळेल की असे जीव आहेत. मी आयुष्यभर अशा एका गोष्टीची वाट बघितली गं."

ती खोटं बोलत नव्हती. मला तिचा राग आला, आणि राग अशासाठी आला की मलाही तेच हवं होतं. मला तो दिसायला हवा होता. माझ्यासारखे दात वाजवणारा, माझ्यासारखं हसणारा मित्र मला गावात दुसरा नव्हता.

म्हटलं, त्यालाच विचारू. मी घरून पाणी तापवायचा मोठा हंडा आणला, खाडीच्या पाण्यानं भरला आणि चिखलात ठेवला. आधी हंडा दाखवला, मग खाडी. बुळक्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मग वर आला आणि मुकाट्यानं हंड्यात जाऊन बसला. गुडघे पोटाशी घेऊन. त्यानं हंडा निवडला नव्हता. मी आधी हंडा दाखवला म्हणून तो गेला होता. आधी खाडी दाखवली असती तर तिकडेही गेला असता.

मग मला रडू आवरेना. आत्यानं मला जवळ घेतलं.

*

बाबांना बुळक्याबद्दल सगळं सांगितलं, आणि दुपारी मी, बाबा आणि आत्यानं सड्यावरून तापलेले दगड उतरवले. सोडणं, म्हणजे नारळाची सालं, भरलेल्या पाट्यांतून आणले, तरी खांदे भाजले. बंदरावर रापणीच्या जागी दोन वाटे घातले. एकीकडे दगडांचा ढीग, एकीकडे हंडा. हंड्यात बुळक्या, कारण तो कुणाचा हे मला एकटीला ठरवता येत नव्हतं.

सोनूआजोला मी आधीच सांगायला गेले होते की हंडा कुणाचा म्हणायचं ते. त्यानं ऐकूनच घेतलं नाही. "पाठ फिरवल्यार माका कायच म्हायत नसता, चेडवा. नायतर तो वाटो न्हय, चोरी." आणि खरोखरच येऊन पाठ करून उभा राहिला.

थंडोबाला बोलवायला आम्ही सगळ्या गावानं नुसताच दोर धरला आणि वाळूत घासून घासून ओढला. तो आला. त्याच्यामागं आणखी आले, किनाराभर काळी डोकी वर निघाली. आत्या माझ्या शेजारी उभी. तिची गाडी मागं तयार होती, पाठीमागचं दार उघडं, हंडा ठेवायला जागा केलेली. तिनं मला घाई केली नाही, काही सुचवलंही नाही. याबद्दल मी तिची जन्मभर आभारी राहीन.

विचारायचं मी. पहिला वाटा कायम दर्याचा, आणि आधी कुठल्या ढिगावर बोट ठेवायचं ते माझ्या हातात होतं. दगडांवर ठेवलं तर दगड दर्यात गेले असते, थंडोबाचा वाटा मोडला असता, आणि मी हंडा उचलून गाडीकडे पळू शकले असते. खरं सांगते, क्षणभर माझा हात तिकडे गेला.

मग मी हंड्याच्या काठावर बोट ठेवलं. बुळक्यानं आतून त्या बोटाला धरलं.

"ह्यो कोणाचो?" मी विचारलं.

"दर्याचो," सोनूआजो म्हणाला.

आत्यानं डोळे मिटले. बाबा हंडा उचलायला पुढं झाले, तेवढ्यात थंडोबाची सोंड हंड्याकडे आली. आमच्या अंगात ऊब होती, हंड्यात होती, बुळक्यात होती. सोंड हंड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. हंड्याच्या बाहेरून दंव धरलं. बुळक्या माझं बोट सोडेना. मी थंडोबाला म्हटलं, आणि मालवणीतच म्हटलं, कारण भांडताना मला तीच येते, "ह्यो तुझो वाटो न्हय. तुझो तो."

आणि दुसऱ्या हातानं दगड दाखवले. "ह्यो कोणाचो?" मी ओरडून विचारलं.

"पावण्याचो," आजो पाठमोरा म्हणाला.

सोंड मागं गेली. दगडांवर टेकली. तड्, तड् करत दगड एकेक करून थंड पडत गेले, आणि थंडोबाच्या काचेत आतून तांबूस उजेड पसरला. एवढी ऊब एका जागी त्याला महिनाभरात मिळाली नसणार. मी सड्याच्या वाटेकडे चालायला लागले. मागं बघायची हिंमत नव्हती, पण वाळू करकरत होती, म्हणजे येत होता. आमच्या गल्लीतून, मांजरेकरांच्या तुळशीला वळसा घालून, भर दुपारी एकामागोमाग एक थंडोबा सड्यावर चढले आणि पसरून बसले. जाताना कुणाच्या अंगणातली चूलसुद्धा त्यांनी विझवली नाही.

हंडा बाबांनी दर्यात रिकामा केला होता.

*

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आत्यानं कळवलं, आणि जगभर लोकांनी आपापले वाटे घालायला घेतले. कुणी वाळवंट दिलं, कुणी कारखान्यांच्या चिमण्या, कुणी शहरातल्या तापलेल्या गच्च्या. का ऐकलं थंडोबांनी, यावर मोठमोठे लेख येतात, आणि आत्या म्हणते की खरं अजून कुणालाच कळलेलं नाही. तिनं गिऱ्ह्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. आमचा गाव जागेवरच राहिला. मे महिन्यात आम्ही सड्यावरून अनवाणी चालतो आणि थंडोबांना 'येतो हां' म्हणून पुढं जातो.

खाडीचं पाणी हळूहळू तापलं. बुळक्या खारफुटीपाशी परत आला होता, तो पुन्हा गिरक्या घ्यायला लागला. पारा चढला की मी खूष व्हायचे आणि त्याच दिवशी त्याच्या पायाची बोटं शोधावी लागायची. आधी केस गेले, मग पाय, मग तो हसला की नुसतं पाणी हलल्यासारखं वाटायचं. शेवटच्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते आणि तो माझ्या मनगटाला धरून होता. ऊब घ्यायला नव्हे. पाणी आता माझ्याइतकंच उबदार होतं.

मी त्याच्याकडे बघत राहिले. एक ढग सूर्यावरून सरकला, पाण्यावर ऊन पडलं, आणि मला तिथं माझेच पाय आणि वाळू दिसली. मनगटावरची बोटं मात्र होती. मी म्हटलं, "बुळक्या, तू मला बाहेर काढलंस. मी तुझी फार आभारी आहे." बोटं थोडा वेळ तशीच राहिली, मग त्यानं सोडली.

आता तो कुठं आहे ते मला कधीच कळत नाही. खारफुटीत असेल, होडीखाली असेल, नाहीतर माझ्या अगदी शेजारी. म्हणून मी रोज सकाळी पाण्यात उतरते आणि अख्ख्या खाडीला थँक्यू म्हणते.